फॅन पेज आणि गाण्यांचे व्हिडिओ: क्लेम, स्ट्राइक आणि परवानगी यांतून वाट कशी काढायची

फॅन पेज नव्याने सुरू करणाऱ्यांचा सगळ्यात जास्त घोळ दोन शब्दांत होतो: क्लेम आणि स्ट्राइक. क्लेम आला की काही जण घाबरून चॅनेलच उडवतात आणि स्ट्राइक आला की काही जण ‘येतात असे मेल’ म्हणून निवांत बसतात. खरं तर उलट वागायला हवं. क्लेम म्हणजे ‘या व्हिडिओत आमचं गाणं किंवा चित्र आहे’ असा हक्कदाराचा दावा, आणि तो बहुतेक वेळा मशीनने लावलेला असतो. त्याने फार तर त्या एका व्हिडिओची कमाई किंवा त्याचं दिसणं जातं. स्ट्राइक म्हणजे हक्कदाराने केलेली कायदेशीर तक्रार मान्य होऊन व्हिडिओ काढला गेलेला असतो आणि त्याचा हिशेब अख्ख्या चॅनेलच्या नावावर चढतो.

पुढचे टप्पे मुख्यतः यूट्यूब धरून आहेत, कारण तिथली प्रक्रिया सगळ्यात ठरीव आहे. इन्स्टाग्राम आणि फेसबुकचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

सुरुवात करण्याआधी हे हाताशी ठेवा:

- चॅनेलला जोडलेला आणि रोज उघडला जाणारा ईमेल. क्लेमच्या मुदती या मेलवरच येतात.
- प्रत्येक व्हिडिओसाठी एक फोल्डर: मूळ प्रोजेक्ट फाइल, वापरलेल्या गाण्याचं नाव, लायसन्सचा तारखेसह स्क्रीनशॉट, परवानगीचा मेल.
- गाण्याचा आयएसआरसी क्रमांक. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला असा १२ अक्षरी-अंकी क्रमांक असतो. एकाच गाण्याची मूळ आवृत्ती, रीमिक्स आणि लाइव्ह यांचे क्रमांक वेगवेगळे असतात. पत्रव्यवहारात नुसतं गाण्याचं नाव दिलं तर समोरचा ‘कुठलं व्हर्जन?’ विचारणारच.
- एडिटरमध्ये गाणं, संवाद आणि तुमचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर. सगळं एकत्र मिक्स करून मूळ प्रोजेक्ट उडवला असेल, तर क्लेम आल्यावर फक्त गाणं बदलणं फार अवघड जातं.

१. एका व्हिडिओत किती मालक बसलेत ते मोजा

‘गाणं त्या गायकाचं आहे’ हे वाक्य चाहत्यासाठी ठीक आहे, परवानगीसाठी नाही. म्युझिक व्हिडिओत हक्कांचे निदान तीन थर असतात.

पहिला थर रचनेचा: चाल आणि शब्द. हे संगीतकार आणि गीतकाराचे, किंवा त्यांनी ज्या पब्लिशरला (रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला) दिले त्याचे. दुसरा थर ध्वनिमुद्रणाचा, ज्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. हा बहुतेक वेळा लेबलकडे, म्हणजे गाणं प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीकडे असतो. तिसरा थर चित्राचा: शूट केलेला व्हिडिओ, जो लेबलचा किंवा निर्मात्याचा. शिवाय गायक-वादकांचे कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क असतात, ते वेगळेच.

अधिकृत व्हिडिओच्या वर्णनात किंवा अल्बमच्या पाठीवर खाली दोन खुणा दिसतात: गोलातला ‘पी’ आणि गोलातला ‘सी’. गोलातल्या ‘पी’ पुढे ज्याचं नाव आहे तो ध्वनिमुद्रणाचा मालक. गोलातला ‘सी’ बाकीच्या गोष्टींसाठी, म्हणजे मुखपृष्ठ, चित्र, छापील शब्द वगैरे. दोन्हींपुढे कधी एकच कंपनी असते, कधी दोन. कोणाला लिहायचं हे शोधायला हीच पहिली जागा.

आता हे वापरून बघा. समजा तुम्ही एका चित्रपटातली दृश्यं कापून त्यावर दुसऱ्याच अल्बममधलं गाणं लावलंत. मालक मोजा: चित्रपटाचा निर्माता, गाण्याचं लेबल, गाण्याचा पब्लिशर. तीन वेगळ्या ठिकाणांहून क्लेम येऊ शकतो, आणि एकाने कमाई घेऊन व्हिडिओ चालू ठेवला तरी दुसरा तो बंद करू शकतो. अशा वेळी सगळ्यात कडक मालकाचं चालतं. त्याऐवजी गाणं तुम्ही स्वतः गायलंत आणि स्वतःलाच शूट केलंत, तर मास्टर आणि चित्र तुमचं झालं, पण रचनेचा थर तसाच राहिला. म्हणून कव्हरवरही क्लेम येतो आणि तो चुकीचा नसतो.

नोंदणी केलेली नाही म्हणजे हक्क नाही, असंही धरू नका. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात १९०८ पासून असलेलं तत्त्व असं, की कृती तयार झाली की हक्क आपोआप जन्मतो. शिक्का किंवा अर्ज लागत नाही.

२. अपलोड खरंच करायचंय का, हे आधी ठरवा

निम्म्या फॅन पेजना व्हिडिओ स्वतःच्या चॅनेलवर चढवायची गरजच नसते. लोकांनी गाणं ऐकावं एवढाच हेतू असेल तर लिंक द्या, प्लेलिस्ट करा, आपल्या साइटवर एम्बेड करा, म्हणजे मूळ व्हिडिओ तिथूनच आपल्या पानावर दाखवा. व्ह्यू मूळ चॅनेलला जातात, आणि चाहत्याला तेच तर हवं असतं! व्हिडिओ उतरवून आपल्या चॅनेलवर टाकला, की आवडत्या कलाकाराचे व्ह्यू आपणच खातो. ही गोष्ट फॅन मंडळींना कायद्यापेक्षा लवकर पटते.

एम्बेडच्याही काही अटी आहेत. मालकाने एम्बेड बंद केलं असेल तर व्हिडिओच्या जागी नुसता काळा चौकोन आणि सूचना दिसते. ती चुकवायला व्हिडिओ डाउनलोड करू नका, साधी लिंक द्या. यूट्यूबचा प्लेअर २०० गुणिले २०० पिक्सेलपेक्षा लहान करायचा नाही, लपवायचा नाही, आणि चित्र झाकून फक्त आवाज वाजवायचा नाही. ‘चोवीस तास गाणी’ अशी पानं नेमकी इथे अडकतात.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, की मालकाच्या परवानगीने सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या पानाला लिंक देणं म्हणजे नव्या लोकांपर्यंत नवं प्रसारण नव्हे. याचा उलटा अर्थही लक्षात ठेवा: चोरून चढवलेल्या कॉपीला लिंक दिली तर हा आधार पक्का राहत नाही. लिंक नेहमी अधिकृत चॅनेलचीच द्या.

सबटायटल करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. प्रेक्षकांनी थेट सबटायटल जोडायची सोय यूट्यूबने २८ सप्टेंबर २०२० ला बंद केली. तेव्हापासून काही जण अख्खं गाणं पुन्हा चढवून त्यात सबटायटल जाळून टाकतात, म्हणजे चित्रातच कायमचे उमटवतात. त्यापेक्षा एसआरटी फाइल (वेळेसह सबटायटलची साधी मजकूर-फाइल) तयार करून अधिकृत चॅनेलला पाठवा. लहान लेबलं आणि स्वतंत्र कलाकार ती आनंदाने लावतात. फाइल करताना तीन गोष्टी हमखास चुकतात. वेळेतले आकडे देवनागरीत लिहिले तर प्लेअर ते वाचत नाही, इंग्रजी अंकच हवेत. सेकंदांनंतर मिलिसेकंदांच्या आधी स्वल्पविराम लागतो. टिंब दिलं की ती दुसऱ्याच प्रकारची, वेबव्हीटीटीची रचना होते. आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली नाही तर सगळं देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन बसतं. गाण्याचा अनुवाद हासुद्धा मूळ शब्दांच्या मालकाचाच हक्क आहे. मालकाकडेच पाठवलात तर तो प्रश्न तिथेच मिटतो.

३. तुमचा व्हिडिओ कुठल्या जातीचा ते ओळखा

जसाच्या तसा रीअपलोड: वेळ घालवू नका. याचा बचाव कुठेच होत नाही.

लिरिकल व्हिडिओ: पार्श्वभूमी तुमची असली तरी ध्वनिमुद्रण लेबलचं आणि पडद्यावरचे शब्द गीतकाराचे. दोन थर.

करोके: ट्रॅक कोणीतरी वाजवलेला असतो. ‘गायकाचा आवाज काढलाय’ म्हणून मास्टरचा हक्क जात नाही, आणि दुसऱ्या कंपनीने बनवलेला करोके ट्रॅक असेल तर तिचा स्वतंत्र मास्टर असतो.

कव्हर: काही देशांत कव्हरची फक्त ध्वनिफीत काढायला ठराविक मोबदल्यात ठरलेलं लायसन्स मिळतं. तेच चित्राला जोडायचं म्हटलं, की वेगळं सिंक लायसन्स लागतं आणि ते द्यायचं की नाही हे पब्लिशर ठरवतो. यूट्यूबवर बऱ्याच पब्लिशरांचे करार आहेत, म्हणून बहुतेक कव्हर क्लेम लागूनही चालू राहतात. मात्र ही सोय त्या मंचापुरती. तोच व्हिडिओ दुसरीकडे टाकला तर ती मागे येत नाही.

मैफलीतलं मोबाइल शूटिंग: चित्र तुम्ही काढलंत, पण गाणारा आणि गाणं तुमचं नाही. कलाकाराच्या परवानगीशिवाय त्याचं सादरीकरण टिपण्याविरुद्धचं संरक्षण १९६१ च्या रोम करारात आहे. तिकिटाच्या मागे रेकॉर्डिंगबद्दल छापलेलं असतं तेही वाचा. व्यवहारात छोटे तुकडे बहुतेक कलाकार चालवून घेतात. अख्खं गाणं, तेही प्रदर्शित न झालेलं, टाकलं तर तक्रार पक्की.

नृत्याचा व्हिडिओ: गाणं मंचाच्या स्वतःच्या संगीतसंग्रहातून लावा. बाहेरून एडिट करून आणलेला तोच ट्रॅक आणि ॲपमधून लावलेला ट्रॅक यांत कानाला फरक नाही, परवानगीत आहे.

रिॲक्शन आणि समीक्षा: इथे जरा थांबायला हवं, कारण ‘फेअर यूज’ (परवानगीशिवाय करता येणारा रास्त वापर) हा शब्द सगळ्यात जास्त इथेच फेकला जातो. अमेरिकी कायद्यात फेअर यूज ठरवताना न्यायालय चार गोष्टी बघतं: वापराचा हेतू आणि स्वरूप, मूळ कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला, आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला. ३० सेकंदांचा किंवा १० टक्क्यांचा कुठलाही नियम या चारांत नाही. न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयाने २०१७ मध्ये एका रिॲक्शन व्हिडिओला फेअर यूज ठरवलं, पण त्यात दर थोड्या वेळाने मूळ व्हिडिओ थांबवून टीका केलेली होती. त्याच निकालात हेही बजावलं आहे, की सगळ्या रिॲक्शन व्हिडिओंना हे लागू नाही. काही नुसते एकत्र बसून बघितल्यासारखे असतात. म्हणजे कोपऱ्यात आपला चेहरा, मागे पूर्ण गाणं, आणि मधूनमधून ‘वा!’ हे चालायचं नाही. पाच-सहा सेकंद दाखवा, थांबवा, त्याच पाच-सहा सेकंदांबद्दल काहीतरी सांगा. तुमचं बोलणं काढून टाकल्यावर गाणं सलग ऐकू येत असेल, तर तुकडे जास्त झालेत.

इतर देशांत शब्द बदलतो. भारत आणि ब्रिटनच्या कायद्यात ‘फेअर डीलिंग’ आहे आणि ते टीका, समीक्षा, बातमी अशा ठराविक कामांपुरतं आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात अवतरण, टीका, समीक्षा, व्यंग, विडंबन आणि पॅस्टिश (दुसऱ्याच्या शैलीची नक्कल) यांना जागा आहे. एकाच व्हिडिओला एका देशात बचाव आणि दुसऱ्यात नाही, असं होऊ शकतं.

४. या समजुती वर्णनातून आणि डोक्यातून काढा

- ‘कॉपीराइट भंग करण्याचा हेतू नाही’ असं लिहून काही होत नाही. उलट, वस्तू आपली नाही हे तुम्हाला माहीत होतं, याची ती लेखी कबुली.
- श्रेय देणं सौजन्य आहे, परवानगी नाही.
- मी पैसे कमवत नाही: त्याने चार निकषांतला एक थोडा हलका होतो, बस.
- गाणं विकत घेतलंय: ऐकण्यासाठी घेतलंय.
- दुसऱ्या चॅनेलवर दोन वर्षं आहे: त्याला परवानगी असेल, त्याच्यावर क्लेम असेल आणि कमाई लेबल घेत असेल, किंवा कोणाच्या नजरेस पडला नसेल. बाहेरून तुम्हाला यातलं काहीच कळत नाही.
- पिच वाढवा, उलटा आरसा करा, वेग बदला: याचा जरा खुलासा करतो.

यूट्यूबचं कॉन्टेंट आयडी २००७ पासून चालू आहे. हक्कदार मूळ फाइल देतो, तिचा ध्वनी आणि चित्राचा ठसा तयार होतो आणि प्रत्येक अपलोड त्या ठशांशी ताडला जातो. थोड्या बदललेल्या पिचमधलं गाणंही बऱ्याचदा पकडलं जातं. आज सुटलं तरी उद्याची खात्री नाही, कारण नवे ठसे आले की जुने व्हिडिओही पुन्हा तपासले जातात; तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर अचानक क्लेम येतो तो यामुळे. आणि काही झालंच तर आरसा केलेला व्हिडिओ बघून कोणीही म्हणेल, की हे मुद्दाम लपवलंय. चांगल्या हेतूचा बचाव तिथेच संपतो.

५. संगीत सुरक्षित ठिकाणाहून घ्या

यूट्यूब स्टुडिओतल्या ऑडिओ लायब्ररीत दोन प्रकार आहेत. साध्या लायसन्सच्या ट्रॅकला श्रेय सक्तीचं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सची (निर्मात्याने ठराविक अटींवर सगळ्यांना आधीच दिलेल्या परवानगीची) खूण असलेल्या ट्रॅकला वर्णनात श्रेय द्यावंच लागतं. तिथे तयार मजकूर मिळतो, तो जसाच्या तसा चिकटवा.

क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्स सहा आहेत आणि ती चार अटींच्या जोडणीतून होतात. श्रेय द्या. तसंच लायसन्स पुढे द्या. व्यापारी वापर नको. बदल नको. शेवटच्या अटीत व्हिडिओवाल्यांसाठी खड्डा आहे: गाणं हलत्या चित्राला वेळेच्या संगतीत जोडलं, की त्या लायसन्सच्या व्याख्येनुसार तो ‘बदल’च धरला जातो, मग गाण्याची एक मात्राही कापलेली नसो. त्यामुळे ‘बदल नको’ लिहिलेलं गाणं व्हिडिओच्या मागे लावून प्रसिद्ध करता येत नाही. ‘तसंच लायसन्स द्या’ असेल तर तुमचा अख्खा व्हिडिओ त्याच लायसन्सखाली सोडावा लागतो. ‘व्यापारी वापर नको’ असेल आणि चॅनेलवर जाहिराती चालू असतील, तर ते गाणं सोडून द्या.

श्रेय लिहिताना चार गोष्टी आल्या पाहिजेत: गाण्याचं नाव, कलाकार, मूळ पानाची लिंक, लायसन्सचं नाव आणि आवृत्ती. बदल केला असेल तर तोही.

कोणाच्याही चॅनेलवर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ अशी खूण दिसली म्हणून विश्वास ठेवू नका. ती अपलोड करणाऱ्याने स्वतः टिचकी मारून लावलेली असते. दुसऱ्याचं गाणं चढवून त्यावर ती खूण लावणारे कमी नाहीत.

‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरा, दर वापरामागे नको, एवढाच त्याचा अर्थ. आणि अशा संग्रहातला एखादा लूप कुण्या लेबलच्या गाण्यातही वापरलेला असला, तर मशीन तुमचा व्हिडिओ त्या गाण्याशी जुळवतं. हा खराखुरा चुकीचा क्लेम असतो आणि लायसन्सची पावती ठेवली असेल तर सहज सुटतो.

जुनी गाणी? रचना मुक्त झाली तरी ध्वनिमुद्रण मुक्त नसतं. मुदती देशागणिक वेगळ्या: बऱ्याच देशांत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६०. अमेरिकेत १९२३ पूर्वी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ ला मुक्त झाली. शंभर वर्षांपूर्वीची चाल गेल्या वर्षी कोणी वाजवली असेल, तर ते वादन गेल्या वर्षीचं धरायचं.

इन्स्टाग्राम-फेसबुकवर खात्याचा प्रकार तपासा. वैयक्तिक खात्याला दिसणारी सगळी गाणी व्यवसाय खात्याला मिळत नाहीत. व्यवसाय खात्याने साउंड कलेक्शनमधलं संगीत वापरावं. फॅन पेज ‘बिझनेस’ केलं आणि सकाळी गाणी गायब, याचं कारण हेच. तिथल्या मार्गदर्शक सूचनांत असंही आहे, की पूर्ण लांबीची गाणी जितकी जास्त तितकी अडवणुकीची शक्यता जास्त, तुकडे छोटे ठेवा, आणि दृश्याला काहीतरी काम असू द्या.

६. परवानगी मागायची तर अशी

मोठ्या लेबलांकडून उत्तर येण्याची शक्यता कमी. उत्तर न येणं म्हणजे होकार नाही, हे आधी पक्कं करा. स्वतंत्र कलाकार मात्र अनेकदा दोन ओळींत हो म्हणतात. मेल लांबवू नका:

‘नमस्कार. मी तुमच्या गाण्यांचं एक फॅन चॅनेल चालवतो. “अमुक” या गाण्यातला (आयएसआरसी: अमुक) १ मिनिट ५ सेकंद ते १ मिनिट ४० सेकंद हा भाग मला चार मिनिटांच्या एका व्हिडिओत वापरायचा आहे. व्हिडिओ यूट्यूबवर, सर्व देशांत, कायमस्वरूपी राहील. जाहिराती बंद असतील. वर्णनात तुमचं नाव आणि मूळ गाण्याची लिंक असेल. ध्वनिमुद्रण आणि रचना या दोन्हींसाठी तुमची परवानगी पुरेशी आहे का, की आणखी कोणाला विचारावं लागेल? कच्चा व्हिडिओ सोबत जोडला आहे.’

शेवटून दुसऱ्या वाक्यातला प्रश्न सोडू नका. गायक मनापासून हो म्हणतो, आणि मास्टर त्याच्या लेबलकडे असतो. असा होकार क्लेमपुढे टिकत नाही. होकार मिळाल्यावर आणखी एक विनंती करा: तुमचं चॅनेल अनुमत यादीत टाका, नाहीतर मशीनला परवानगीची खबर नसते आणि क्लेम येतोच. मेसेजमध्ये दिलेला होकार ईमेलवर पुन्हा घ्या. मेसेज गायब होतात.

७. अपलोड करताना आधी चाचणी घ्या

व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ ठेवून चढवा. अपलोडच्या ‘चेक्स’ या टप्प्यावर कॉपीराइटची तपासणी होते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत निकाल दिसतो. तपासणी पुरी होण्याआधी ‘पब्लिश’ दाबायची घाई नको. इथे क्लेम दिसला तर कोणाच्याही नजरेला न येता तुम्ही गाणं बदलू शकता.

प्रायव्हेट म्हणजे तपासणीतून सूट, असं मात्र नाही. प्रायव्हेट आणि अनलिस्टेड व्हिडिओंवरही क्लेम येतात. आणि ‘चेक्स’ हिरवं आलं याचा अर्थ आज ठसा जुळला नाही इतकाच. पुढे कोणी हाताने तक्रार करू शकतो.

८. क्लेम आला: आधी वाचा, मग बोट लावा

स्टुडिओत ‘कॉन्टेंट’मध्ये जा, व्हिडिओसमोर ‘रिस्ट्रिक्शन्स’ या रकान्यात ‘कॉपीराइट’ दिसेल, तिथून तपशील उघडा. चार गोष्टी टिपून घ्या: कोणी लावला, कुठल्या सेकंदापासून कुठपर्यंत, ध्वनीवर की चित्रावर, आणि परिणाम काय. परिणाम तीनपैकी एक असतो: व्हिडिओ अडवणं, कमाई त्यांच्याकडे वळवणं, किंवा नुसतं लक्ष ठेवणं. तो देशागणिक वेगळाही असू शकतो.

कमाई तुम्हाला नकोच होती आणि व्हिडिओ सगळीकडे दिसतोय? मग काहीही करू नका. अशा क्लेमशी भांडण्यात फॅन पेजचा काडीचा फायदा नाही.

व्हिडिओ अडला असेल तर स्टुडिओतूनच तीन उपाय आहेत: तेवढा भाग कापणं, गाणं म्यूट करणं, किंवा ऑडिओ लायब्ररीतलं दुसरं गाणं लावणं. यापैकी काहीही चाललं तर क्लेम निघतो आणि व्हिडिओची लिंक, व्ह्यू, प्रतिक्रिया तशाच राहतात. फक्त गाणं पुसून बोलणं ठेवायचा पर्यायही आहे, पण आवाज आणि गाणं घट्ट मिसळले असतील तर तो नीट जमत नाही. वेगळे ट्रॅक ठेवायला सुरुवातीला सांगितलं होतं, ते यासाठी.

डिस्प्यूट, म्हणजे क्लेमला हरकत, करायचा तो फक्त तीन परिस्थितींत: लेखी परवानगी आहे, गाणं ओळखण्यात मशीन चुकलंय, किंवा तुमचा वापर खरोखर टीका-समीक्षेत बसतो. ‘मी श्रेय दिलंय’ हे कारण चालत नाही.

मुदती अशा. डिस्प्यूट केल्यावर हक्कदाराला ३० दिवस मिळतात. त्याने उत्तर दिलं नाही तर क्लेम सुटतो. त्याने नाकारलं तर तुम्ही अपील करू शकता, आणि अपिलाला त्याला ७ दिवस असतात. इथे थांबून विचार करा. अपील त्यालाही मान्य नसेल, तर व्हिडिओ काढण्याची कायदेशीर विनंती करणं हा त्याच्यापुढचा मार्ग असतो, आणि ती मान्य झाली की तुमच्यावर स्ट्राइक. म्हणजे एका साध्या क्लेमचा स्ट्राइक करण्याचं बटण तुमच्याच हातात असतं. चॅनेलवर कमाई चालू असेल तर क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत डिस्प्यूट करा. तर पहिल्या दिवसापासूनची रक्कम निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवली जाते. उशीर झाला तर डिस्प्यूटच्या तारखेपासूनचीच.

९. स्ट्राइक आला तर

आधी तो खरा आहे का बघा. ‘तुमचं चॅनेल २४ तासांत बंद होणार, जोडलेली फाइल उघडा’ असे बनावट मेल फॅन पेजना सर्रास येतात. फाइल उघडली की खातंच चोरीला जातं. मेलमधल्या लिंकला हात न लावता स्वतः स्टुडिओ उघडा. खरा स्ट्राइक तिथे दिसतोच.

खरा असेल तर व्हिडिओ डिलीट करू नका. डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही. कॉपीराइट स्कूल नावाची छोटी प्रश्नावली पूर्ण करा. स्ट्राइक ९० दिवसांनी संपतो. १ जानेवारीला आलेला साधारण १ एप्रिलपर्यंत जिवंत. या काळात तीन स्ट्राइक एकत्र झाले तर चॅनेल आणि त्याला जोडलेली इतर चॅनेल बंद होऊ शकतात. त्यामुळे पहिला स्ट्राइक येताच त्याच लेबलची गाणी असलेले आपले बाकीचे व्हिडिओ तपासा आणि शंका असलेले त्याच दिवशी काढा. तक्रार करणारा एका व्हिडिओवर थांबेलच असं नाही.

वेळ जाऊ देण्याशिवाय दोन रस्ते आहेत. एक, तक्रारदाराला नम्रपणे लिहून तक्रार मागे घ्यायची विनंती. लहान कलाकार आणि निर्माते हे करतात. व्हिडिओ काढून टाकला आहे आणि पुन्हा टाकणार नाही, एवढं लिहिलं तरी पुष्कळदा पुरतं. दोन, काउंटर नोटिफिकेशन.

काउंटर नोटिफिकेशन हा १९९८ च्या अमेरिकी डीएमसीए कायद्यातला दस्तऐवज आहे. त्यात खरं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो आणि ही माहिती तक्रारदाराकडे जाते. चुकून किंवा ओळख चुकल्याने व्हिडिओ काढला गेला असं तुम्ही खोट्या साक्षीच्या शिक्षेच्या अटीवर लिहून देता आणि अमेरिकी न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करता. टोपणनावाने चालणाऱ्या पेजसाठी ही मोठी उडी आहे. खात्री नसेल तर करू नका. खात्री असेल तर आधी वकिलाला दाखवा.

ती उपयोगी पडते तेव्हा मात्र खरोखर पडते. २००७ मध्ये एका आईने आपल्या लहानग्याचा नाचतानाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता, मागे कुठेतरी गाणं वाजत होतं. गाण्याच्या पब्लिशरच्या तक्रारीने तो निघाला, काउंटर नोटिफिकेशनने परत आला. त्यावरून चाललेल्या खटल्यात २०१५ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने म्हटलं, की तक्रार करण्याआधी हक्कदाराने फेअर यूजचा विचार करायलाच हवा.

नोटिफिकेशन स्वीकारली गेल्यावर तक्रारदाराला अमेरिकेतले कामकाजाचे १० दिवस मिळतात. तेवढ्यात दावा दाखल केल्याचा पुरावा त्याने दिला नाही, तर व्हिडिओ परत येतो आणि स्ट्राइक उतरतो. शनिवार-रविवार आणि तिथल्या सुट्या या दहांत मोजत नाहीत, म्हणून कॅलेंडरवर निदान दोन आठवडे धरा. तोवर तोच व्हिडिओ दुसऱ्या नावाने किंवा दुसऱ्या चॅनेलवर टाकू नका. तिथे आलेली तक्रार नवी मोजली जाते.